ऐकलं तरच म्हणायचं

मामी गेल्या तेव्हा मामांनी आधी फरशी धुतली.

मी त्याच खोलीत खाटेवर पडले होते. पटकीतून नुकती उठले होते, मान धरवत नव्हती. दिवस मावळायला तासभर असेल. चटईवर मामींचं तोंड आत ओढलं गेलं होतं, डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. मामांनी नाडी बघितली, पापणी वर करून बघितली, नाकाशी आरसा धरला. मग उठले. बादली आणली, तिच्यात फिनेल ओतलं आणि गुडघ्यांवर बसून सगळी खोली घासून काढली. माझ्या खाटेखालून, मामींच्या चटईभोवतीनं, उंबऱ्यापर्यंत. घाण झालेल्या चिंध्या उचलून बाहेर जाळायच्या ढिगावर टाकल्या.

माझा बाप दारात उभा होता. म्हणाला, "राहू द्या की हो साब. मी करतो ते. तुमी बसा तिच्यापाशी."

"घाणीत नाव घेता येत नाही," मामा म्हणाले.

कोपरापर्यंत हात धुतले, डोक्यावर टोपी घातली, मामींच्या पायाशी ताठ उभे राहिले. शर्टाची कॉलर उजव्या बाजूनं धरून चार बोटं फाडली. तो आवाज मला अजून आठवतो, कारण बाकी काही आवाज नव्हता. मग त्यांनी त्यांच्या हिब्रूतलं वाक्य म्हटलं. मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा. मला ते माहीत होतं. खरा न्याय करणाऱ्या देवाची स्तुती असो, असा त्याचा अर्थ. वाईट बातमी कळली की म्हणायचं असतं.

वाक्य संपलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

आता "आमेन" म्हणायचं होतं. स्वतःच्या वाक्याला स्वतः म्हणता येत नाही, ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं. मामी होत्या तोवर त्या म्हणायच्या, आणि मी म्हणायचे. आता हिंगोलीत हे म्हणू शकणारं एकच माणूस उरलं होतं, ते मी.

मी दात आवळले. मामा उभे राहिले. पुष्कळ वेळ उभे राहिले. बाप एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. त्याला काही कळत नव्हतं. शेवटी मामा भिंतीला टेकून खाली बसले.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मुकी नव्हते आणि ग्लानीतही नव्हते. समजून गप्प बसले.

मामा हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. नात्याचे कोणी नव्हते. माझा बाप त्याच दवाखान्यात शिपाई होता आणि दवाखान्यामागच्या चार घरांच्या ओळीत त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एक कमरेइतकी भिंत होती. आई माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली. तेव्हापासून मी भिंतीच्या त्या बाजूलाच जास्त असे. मामा-मामी म्हणायला कोणी शिकवलं नाही, आपोआप म्हणायला लागले.

ते यहुदी. कोकणातल्या अलिबागकडचे. बोलायचे मराठीच, पण आमच्यासारखं नाही. मामींना "गो" म्हणायचे. आमच्या ओळीतल्या बायकांना याचं फार हसू यायचं. हिंगोलीत त्या जातीचं दुसरं घर नव्हतं. लोकांना ते मुसलमान वाटायचे, मग कोणी सांगायचं किरिस्तावं आहेत, मग कोणी म्हणायचं बामनच असतील, मटण खातात म्हणून लपून राहतात. मामा कोणालाच दुरुस्त करत नसत. फक्त शुक्रवारी दिवस मावळला की त्यांच्या घरात चूल पेटत नसे, ती शनिवारी मावळतीपर्यंत. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, शनिवारी कामावर जावं लागायचं. मामा जायचे, औषध द्यायचे, पण लिहायचे नाहीत. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणा दाखवायला कागदाची पट्टी दातेरी कापून चिकटवतात, त्या पट्ट्या ते गुरुवारीच कापून ठेवायचे. आमचे डॉक्टर हैदराबादेकडचे होते. ते म्हणायचे, "कंपोंडरसाब, तुम्हारा शनिवार मेरे को बहोत भारी पडता."

त्यांचं वेड दुसरंच होतं. त्यांना प्रत्येक गोष्टीला काहीतरी म्हणायचं असे. पाणी प्यायच्या आधी एक वाक्य. भाकरीला एक. केळ्याला दुसरं, कारण केळीचं झाड दरवर्षी मरतं म्हणून ते झाडाचं फळ धरत नाहीत. आंब्याला तिसरं. नवा शर्ट घातला की वेगळं, वीज दिसली की वेगळं, कडाडली की आणखी वेगळं. दिवसात शंभर व्हायला पाहिजेत म्हणायचे. आणि हे मनात नाही, मोठ्यानं. कारण दुसऱ्यानं ऐकून "आमेन" म्हटलं की ते वाक्य पुरं होतं, आणि आमेन म्हणणाऱ्यालाही त्याचं पुण्य मिळतं. मामी आत भाकरी थापत असायच्या, तिथूनच म्हणायच्या.

"तोडलंस गो," मामा बाहेरून ओरडायचे. "शेवट खाल्लास."

"तुमचं संपेस्तोवर माझी भाकरी करपते. देवाला करपलेली चालते का विचारा एकदा."

"आमेनमध्ये 'देव, विश्वासू राजा' हे तीन शब्द मावायला पाहिजेत. मनातल्या मनात म्हणून बघ."

"माझ्या मनात तीन शब्द आहेत. ते ऐकलेत तर जेवणार नाही तुम्ही."

संडासातून आल्यावरही त्यांचं एक वाक्य होतं, आणि तेच सगळ्यात लांब. हातपाय धुऊन लिंबाखाली उभे राहून म्हणायचे. शरीरात भोकं आहेत, नळ्या आहेत, त्यातली एक बंद झाली किंवा फुटली तर माणूस उभा राहू शकत नाही, असं काहीसं. माझा बाप त्यांना म्हणाला होता, "साब, ह्ये पण देवाला सांगायचं व्हय?"

"दवाखान्यात काम करतोस आणि विचारतोस?" मामा म्हणाले. "काल त्या सेनगावच्या म्हाताऱ्याला नळी घातली, तेव्हा त्याचा पाय तूच धरला होतास ना? त्याला विचार, सांगायचं की नाही."

नंतर नंतर लिंबाखाली मामा उभे असले की तो तिकडून जाताना थांबायचा.

एकदा हळदीच्या दिवसांत मामांना प्रश्न पडला. सुगंधाला त्यांचं एक वाक्य आहे. मोसमात सगळ्या हिंगोलीत हळदीचा वास भरतो, मग घराबाहेर पडलं की म्हणायचं का? मालक जर लोकांनी वास घ्यावा म्हणून माल मांडत असेल तर म्हणायचं, नाहीतर नाही, असा नियम. म्हणून मामा भर उन्हात चालत बाजारात गेले आणि एका अडत्याला त्यांनी विचारलं, "ही हळद लोकांनी हुंगावी म्हणून ठेवलीय का तुम्ही?"

अडत्या म्हणाला, "साब, हुंगायला न्हाई ठिवली. तोलायला ठिवली हाय. घ्यायची का?"

मामा समाधानानं परत आले. मामींना सांगितलं, नाही म्हणायचं. मामी म्हणाल्या, "डोक्याला कांदा लावा आधी. ऊन लागलं असेल." आम्ही दोघी त्या दिवशी पोट धरून हसलो.

मी यात कशी आले ते सांगते. मी आठ वर्षांची असताना मामी भावाच्या लग्नाला दोन महिने कोकणात गेल्या. मामा एकटे. सकाळी पाण्याचा पेला हातात घेऊन वाक्य म्हणायचे आणि क्षणभर आतल्या दाराकडे बघायचे. सवय. मग प्यायचे. मला ते बघवेना. एक दिवस मी भिंतीवरून "आमेन" म्हटलं.

मामा पेला घेऊन भिंतीपाशी आले. मला वाटलं, शाबासकी देतील.

"काय म्हणालो ते ऐकलंस?"

"न्हाई. तुमाला पेला धरलेला पाह्यलं."

"मग काहून म्हणालीस?" आमचा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला. "न ऐकता म्हटलेलं आमेन पोरकं असतं. त्याला आईबाप नाहीत. असं पोरकं सोडायचं नाही कुठं."

मग त्यांनी मला शिकवलं. पूर्ण ऐकायचं. संपायच्या आधी म्हणायचं नाही, ते हिसकावलेलं आमेन. शेवट खायचा नाही, ते तोडलेलं. म्हणणाऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणायचं नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण तिथं कोणी मला एवढं नीट काही शिकवलं नाही. मात्र मी त्यांच्यातली नाही, तर माझं चालतं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. न विचारता काही करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी अलिबागेला पत्र घातलं. तिथल्या प्रार्थनाघरात प्रार्थना म्हणणारे एक म्हातारे होते, सगळ्या अडचणी मामा त्यांनाच विचारायचे. महिन्यानं कार्ड आलं. मुलीला अडवू नका, पण तिच्यावर विसंबूही नका, असं त्यात लिहिलं होतं. मामांनी ते मला वाचून दाखवलं आणि खिशात ठेवलं.

मी विचारलं, "आमेन म्हंजी काय पण?"

"म्हणजे, हे खरं आहे, आणि मी साक्षीला आहे."

"आन खरं न्हाई वाटलं तर?"

"तर गप्प बस. देवासमोर खोटी साक्ष देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी मनानं काढलं नव्हतं.

मामी परत आल्या तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "दोन महिने गेले तर माझी जागा दिलीत होय?" पण त्यांना बरं वाटलं. पुढं त्या हातात काम असलं की मला खुणवायच्या, आजचं तू म्हण. त्यांना मूल नव्हतं. मला न्हाऊ घालताना, वेणी घालताना त्यांचा हात फार जोरात चालायचा, डोळ्यांतून पाणी काढायच्या. कोकणातून खोबरं आलं की पोहे, गूळ आणि खोबरं कालवून माझ्यासाठी वाटीभर वेगळं काढायच्या. भावाला नाही, मलाच.

तो उन्हाळा पटकीचा होता. गावाबाहेर तंबू ठोकले होते, डॉक्टर खेड्यापाड्यांत विहिरींत औषध टाकत फिरत होते, दवाखाना मामांवर सोडला होता. आमच्याच ओळीत राहणाऱ्या दवाखान्याच्या दाईचा मुलगा गेला. दुसऱ्या दिवशी मी पडले. भावाला बापानं तिकडं सेनगावला मावशीकडे आधीच पाठवलं होतं. बाप मला तंबूत न्यायला निघाला तेव्हा मामींनी त्याला दारातून ढकललं.

"तंबूत टाकायला पोर जास्त झालीय का तुला? माझ्या घरात आण."

सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. शिरेतून चढवायच्या शेवटच्या दोन मामांनी मला चढवल्या. ती चोरी नव्हती. त्या दिवशी दुसरं कोणी तेवढ्या वाईट अवस्थेत नव्हतं. मामींनी माझं सगळं काढलं. चिंध्या बदलल्या, त्या धुतल्या, मिठाचं पाणी चमच्यानं पाजलं, मी ओकले की परत पाजलं. मामा म्हणायचे, हात पोटॅशच्या पाण्यात धू, धुतलेस का, परत धू. त्या धुवायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बसले. त्याच दिवशी सकाळी मामींना सुरू झालं. मामांनी पूर्णेच्या दवाखान्याला तार केली, बाटल्या निघाल्या. मामी संध्याकाळी गेल्या. बाटल्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आल्या.

तर मी काहून म्हटलं नाही, ते हे. खरा न्याय. मला तो खरा वाटला नाही. माझ्या शिरेत गेलेलं पाणी मला माहीत होतं. त्याला "खरं आहे" म्हणणं म्हणजे मामी गेल्या ते बरोबर झालं, आणि मी राहिले ते बरोबर झालं, असं म्हणण्यासारखं होतं. मी साक्षीला नव्हते.

मामींना दाईनं आंघोळ घातली. पटकीच्या मढ्याला कोणी हात लावत नव्हतं. तिचाच मुलगा चार दिवसांपूर्वी गेला होता, ती म्हणाली, मला आता काय व्हायचं. जुन्या छावणीच्या पलीकडं माळावर मामांनी आणि माझ्या बापानं खड्डा खणला. पुरून येईपर्यंत मामा पाणी प्यायले ते काही न म्हणता प्यायले. पहिल्यांदाच तसं बघितलं. मला वाटलं, आता ह्या माणसानं सोडलं सगळं. मला थोडं बरंही वाटलं. पण तोही नियमच निघाला. मढं पुरेपर्यंत घरच्यांना सगळी वाक्यं माफ असतात. पुरून आल्यावर त्यांनी पेला हातात घेतला, ओठ हलवले आणि प्यायले.

फक्त ओठ. आवाज नाही.

मला वाटलं, घसा बसला असेल. आठ दिवस गेले, पंधरा गेले. लिंबाखाली उभे राहायचे, ओठ हलायचे. जेवायला बसले की ओठ हलायचे. भिंतीच्या या बाजूला मी कान देऊन उभी असायचे. काही ऐकू येत नसे. आणि ऐकू आलं नाही तर म्हणता येत नाही.

एक दिवस मी भिंतीवरून विचारलं, "मामा, माझ्यावर राग धरला का?"

"नाही."

"तुमीच म्हणले व्हते. खरं न्हाई वाटलं तर गप बसायचं."

"हो. बरोबर केलंस तू."

तरी मी म्हणाले, "मंग आता म्हणू का? त्या दिवसाचं?"

"आता नाही म्हणता येत. वेळ जाते त्याची."

"मंग मोठ्यानं का म्हणत न्हाई तुमी?"

ते शर्ट शिवत होते. तोच, फाडलेला. महिना झाला की शिवता येतो म्हणाले. दवाखान्यात जखमेला घालतात तसे सुटे टाके घालत होते, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. त्यांना दुसरी शिलाई येत नव्हती.

"ऐकणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं," ते म्हणाले. "ज्याला जड जातं त्याला ऐकवू नये."

यावर मी भांडले. तेरा वर्षांच्या पोरीला जेवढं भांडता येतं तेवढं. मला जड जात न्हाई, भाकरीला जड जात न्हाई, पाण्याला जात न्हाई, त्या एकालाच गेलं. त्यांनी ऐकून घेतलं. टाका घातला, दोरा दातानं तोडला. पुढं सहा वर्षं मी त्यांच्या तोंडून एकही वाक्य ऐकलं नाही.

मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात वर्षभर एक प्रार्थना म्हणतात. तिला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात, ते मध्ये मध्ये आमेन म्हणतात. हिंगोलीत दहातले नऊ कमी होते. रजा मागितली, पटकीत मिळाली नाही. पुढं एकदा आठ दिवसांची मिळाली, गाडी बदलत बदलत मुंबईला गेले, तिथं म्हणून आले. आल्यावर बापानं विचारलं, "झालं का मनासारखं?" मामा म्हणाले, "नऊ जणांनी मिळून म्हटलं. फार मोठा आवाज होतो." मग दवाखान्यात गेले.

दवाखान्यात मात्र ते तसेच राहिले. पट्ट्या गुरुवारी कापायचे. तांड्यावरच्या बायका औषधाला आल्या की त्यांची चेष्टा करायच्या, "बाबा, ओठ काहून हलवून राहिला? मंतर मारतो का आमच्यावर?" मामा म्हणायचे, "औषध कडू आहे, त्याची माफी मागतोय." त्या हसायच्या. औषध देताना ते खरंच काहीतरी म्हणत, पण काय ते कोणाला कळलं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, शिरड शहापूरला दिलं. मामा लग्नात मांडवाच्या टोकाला बसले होते. दोन केळी खाल्ली, बाकी काही खाल्लं नाही. केळ्याच्या वेळी ओठ हलले. मी बोहल्यावरून बघितलं. माझ्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि मी ते वाक्य मनात आठवून बघत होते. आठवत होतं.

मग रझाकारांचे दिवस आले, नंतर पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांबद्दल दुसऱ्यांनी पुष्कळ सांगितलंय. मी एवढंच सांगते की गाड्या बंद होत्या, हिंगोलीची माणसं खेड्यात आणि खेड्यातली हिंगोलीत पळत होती, आणि मामा दवाखान्यात होते. आधी एका बाजूच्या जखमा शिवल्या, मग दुसऱ्या बाजूच्या. बाप सांगायचा, टाके सारखेच घालायचे.

सगळं निवल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा, एक दिवस दुपारी आमच्या दारात बैलगाडी थांबली. मी अंगण सारवत होते. मामा उतरले. वाळले होते. शर्ट तोच होता.

सासू ओट्यावर धाकट्याला, माझ्या पोराला, घेऊन बसली होती. म्हणाली, "कोन गं ह्यो बाबा?"

"माझे मामा हायती."

"तुला मामा कुठून आला? तुझ्या मायला भाऊ न्हवता म्हणं."

"आत्या, तुमी पाणी आणा की."

"आणते माय. मामाला बसायला तर सांग."

मामा बसले नाहीत. म्हणाले, उद्याच्या गाडीनं जातोय, नोकरी सोडली, कोकणात जाणार, पुढं कुठं ते ठरलं नाही. त्यांच्यातले काही लोक समुद्रापलीकडं निघालेत असं ऐकतो. गाडीवाल्याला थांबायला सांगितलंय. मग म्हणाले, "तुझ्याकडं एक काम राहिलंय."

"काय?"

"आधी हात धू. शेण आहे हाताला."

मी हात धुतले. ते सारवलेल्या जागेपासून दूर, जात्यापाशी जाऊन उभे राहिले. टोपी नीट केली. आणि बोलायलाच लागले नाहीत. बरोबर करतोय की नाही, हे ठाऊक नसलं की ते असे थांबायचे.

"माणूस मोठ्या दुखण्यातून उठला," शेवटी म्हणाले, "की त्याच्यासाठी दुसऱ्यानं एक वाक्य म्हणता येतं. आजाऱ्यानं आमेन म्हटलं की झालं. त्या सकाळी तू उठून बसलीस ना, तेव्हा मामी मला म्हणाली, म्हणा की आत्ता, पोर बसली बघा. तेव्हा तिला एकदाच झालं होतं, आम्हांला वाटलं जागरणानं पोट बिघडलं. मी म्हटलं, गो, नियम आहे. आजारी आपल्या पायांनी चालायला लागला की म्हणायचं. उद्या चालेल, उद्या म्हणू. ती म्हणाली, मला आमेन म्हणायचंय, तीन शब्दांचं म्हणते, तोडत नाही. मी म्हटलं, उद्या."

सासू पाणी घेऊन येऊन उभी राहिली होती. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती हलली नाही.

"सहा वर्षं झाली," मामा म्हणाले. "एवढ्या उशिरा म्हणता येतं की नाही, मला माहीत नाही. पत्र घालायला वेळ नाही. अलिबागचे म्हातारेही आता नाहीत. म्हणून देवाचं मोठं नाव घेत नाही, वाया गेलं तर नको. मराठीत म्हणतो. तुला कळायला पाहिजे. आणि खरं वाटलं तरच म्हण. मी थांबणार नाही, गाडीत जाऊन बसेन."

न विचारता त्यांनी काही केलेलं मी तेवढंच बघितलं.

मग ते म्हणाले. मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा. आवाज घोगरा झाला होता.

"ज्या दयाळूनं तुला आम्हांला दिलं आणि मातीला दिलं नाही, त्याची स्तुती असो."

वाक्य संपलं. ते वळले. खरंच गाडीकडं चालायला लागले.

मी वाक्य मनात धरून बघितलं. न्यायाचं त्यात काही नव्हतं. बरोबर झालं की चूक झालं, ते त्यात नव्हतं. मला दिलं होतं, हे खरं होतं. मातीला दिलं नव्हतं, हेही खरं होतं. मी उभी होते तिथं, हात ओले होते. आम्हांला म्हणजे दोघांना, हेही खरं होतं. तेव्हा दोघं होते.

मी आमेन म्हटलं. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं नाही. शेवट खाल्ला नाही. आत तीन शब्द मावले.

मामांची पाठ माझ्याकडं होती. ते थांबले, मान हलवली, गाडीत चढले. सासूच्या हातात पाणी तसंच राहिलं. गाडी वळली तेव्हा ती म्हणाली, "काय म्हणलीस गं तू त्याला?"

"व्हय म्हणले."

मामांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. पत्र आलं नाही.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यामागच्या ओळीत तिघांना पटकी झाली. दाईचा मुलगा, मी आणि मामी. दाईचा मुलगा गेला. मामी गेल्या. मी जगले.